फेसातलं कॅल्शियम

कादरभाईंना त्या सकाळी काहीच उमजेना. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत त्यांनी अर्धं आयुष्य भट्टी सांभाळली होती. सिरॅमिकची आणि निकेलची भुकटी पाण्यात कालवायची, त्यात स्पंजचा तुकडा बुडवून पिळायचा, वाळवायचा आणि भट्टीत घालायचा. स्पंज जळून जाई आणि मागे दगडासारखा कडक, जाळीदार फेस उरे. आता तुकडे तपासणाऱ्या ऋचाच्या यंत्रावर त्या फेसात कॅल्शियम दिसत होतं. भुकटीत तर ते नव्हतंच.

"भट्टीचं अस्तर झडून फेसात पडतंय," प्रयोगशाळेच्या प्रमुख मंदाकिनी मॅडम म्हणाल्या. "म्हातारी झाली ती. भंगारात काढू या."

कादरभाईंनी भट्टीकडे पाहिलं. नवी भट्टी आपली आपण चालणार. मग तिथे त्यांना कोण ठेवणार?

"मॅडम, अस्तर परवाच बघितलंय मी. कुठे तडा नाही."

"मग कॅल्शियम काय कात्रजच्या दुधातून आलं?"

कादरभाई खरंच विचारात पडले. पाणी बदललं होतं का? चहाचा हात लागला का? की भट्टी खरंच थकली? काही केल्या धागा सापडेना.

शेवटी ऋचाने तो तुकडा मधोमध कापून भिंगाखाली धरला. "कादरभाई, इकडे या. हे लाल काय हो?"

छिद्रांच्या तळाशी लाल-पिवळी पूड बसली होती.

चार दिवसांपूर्वी खंडेनवमी झाली होती. दरवर्षीप्रमाणे भट्टीला झेंडूचा हार घातला होता आणि तिच्यातून निघालेला सगळ्यात चांगला तुकडा तिच्यापुढे ठेवला होता. त्यावर हळदकुंकू वाहिलं होतं खुद्द मॅडमनी. नंतर कादरभाईंनी फुंकर मारली, वरचं उडालं आणि तोच तुकडा चाचणीला गेला. आत कोण बघतंय?

आता हे बोलायचं तरी कसं?

"हळदकुंकू आहे, मॅडम," ऋचाच म्हणाली. "कुंकवात चुना असतो. चुना म्हणजे कॅल्शियमच."

मॅडमनी स्वतः भिंगातून बघितलं.

"भट्टी राहू द्या," त्या म्हणाल्या. "मलाच भंगारात काढा."

हसावं की नाही, ते कादरभाईंना कळेना. भट्टी वाचली होती, पण चाचणीचा तुकडा वाया गेला होता.

"दुसरा करतो, मॅडम. पण पुढच्या नवमीला तिच्यापुढे ठेवायचं काय?"

"ठोकळा ठेवा. भोकं नसलेला."

मॅडम चिडल्या होत्या की नव्हत्या? कादरभाईंनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, काही थांग लागेना. मग ते नवा स्पंज कापायला बसले.