न्हाई, आज आले न्हाईत

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशी नाही, आक्कापाशी नाही, आणि ज्याला सांगायला पाहिजे होतं त्याच्यापाशी तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय, ते विचारू नका, मलाच नीट कळलेलं नाही. तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच कारण असेल. किंवा आता सांगून काही बिघडायचं उरलेलं नाही म्हणून असेल.

सुरुवात कुठून करू? बारपासूनच करतो. तेवढं तरी मला धड आठवतं.

हिंगोलीत बस स्टँडच्या मागच्या गल्लीत, अरुंद जिना चढून वर एक परमिट रूम होती. पाटीवर नाव काहीतरी झकास होतं, पण सगळे त्याला ‘वरचं हॉटेल’ म्हणायचे. मी तिथं काउंटरवर. गावी, डोंगरकड्याला, आमचे वडील माळकरी, म्हणून घरी मी ‘हॉटेलात मॅनेजर’ होतो. वडील चार लोकांत सांगायचे, पोरगं पंख्याखाली बसून काम करतं. पंखा होता, ते खरं.

आता ती जागा मोबाइलच्या दुकानात गेली. पण माझ्या डोळ्यांपुढे अजून तशीच आहे — प्लायवुडची केबिनं, लाल झिरोचा बल्ब, आणि मालकाने हौसेने आणलेली काचेची पेटी, तिच्यातले मासे कधीच मेले होते तरी पाण्याचे बुडबुडे मात्र रोज चालू. उन्हाळ्यात कूलरच्या गवताचा ओला वास, त्यात कांद्याचा आणि भाजक्या पापडाचा. तुम्ही म्हणाल, दारूच्या अड्ड्याचं काय कौतुक? खरंय. पण माझी उमेदीची वर्षं तिथं गेली. लग्नाआधीही आणि लग्नानंतरही मी जेवढा हसलो, ते बहुतेक तिथंच हसलो.

आणि हसवणारा एकच — गंगाधरभाऊ. टेलिफोन खात्यात लाइनमन. मूळचा कुरुंद्याचा, हिंगोलीत घर करून राहिलेला. कूलरसमोरचं टेबल त्याचं. सोबत कापसाच्या जिनिंगवरचा एक मुकादम, कोर्टापुढे स्टँप विकणारा एक, आणखी कोण येईल तो. गंगाधरभाऊ फार प्यायचा असंही नाही. त्याची एक क्वार्टर चालायची आणि गोष्टी बार बंद होईपर्यंत चालायच्या. खांबावर चढलेल्या माणसाला गावातलं काय काय दिसतं, हे त्याच्याकडून ऐकावं. मी काउंटरमागून कान देऊन असायचो. गिऱ्हाइकाने सोडा मागितला तरी मला ऐकू यायचं नाही.

आता फोनचं सांगतो. तेच तर सांगायचंय ना — मग मी बुडबुड्यांचं काय सांगत बसलोय?

काउंटरवर काळा फोन होता. संध्याकाळ झाली की घरचे फोन यायचे. ज्यांच्या घरी फोन नाही, त्यांच्या बायका शेजाऱ्याकडून करायच्या. गंगाधरभाऊच्या घरी खात्याचाच फोन होता. मालकाने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “गिऱ्हाईक बसलंय का न्हाई, हे काउंटरच्या भायेर जाऊ द्यायचं न्हाई.” पण रीत अशी होती, की लगेच नाही म्हणायचं नाही. रिसीव्हरवर तळहात दाबायचा आणि त्या माणसाकडे बघायचं. त्याने मान हलवली तर फोन द्यायचा. त्याने करंगळी वर केली तर, “न्हाई, आज आले न्हाईत.” दिवसातून कितीदा म्हणत असेन. पोपटाला शिकवावं तसं ते वाक्य माझ्या तोंडात बसलं होतं.

गंगाधरभाऊच्या बायकोला मी कधी पाहिलं नव्हतं. आवाज मात्र चांगला ओळखायचो. “वरचं हॉटेल का? आमचे हायेत का तिथं?” एवढंच विचारायची. मी भाऊकडे बघायचो, भाऊची करंगळी वर. मी आपलं वाक्य म्हणायचो. मग ती म्हणायची, “बरं.” आणि फोन ठेवायची नाही. तशीच थांबायची. मागून कूलरचा आवाज, भाऊचं हसणं, हे सगळं तिला ऐकू जात असणारच. ती मुकाट ऐकत राहायची, आणि मग मीच फोन ठेवायचो.

त्या दिवशी बाजार होता. सगळी टेबलं भरलेली. गंगाधरभाऊ रंगात आला होता. म्हणे, “जवळा बाजार गावाला खांबावर चढलो. लाइन पाहायला कानाला फोन लावला, त खालचा अडत्या बोलून राहिला, माल आला न्हाई म्हणून. आन् म्या वरून पाहून राहिलो, त्याच्याच दारात कापसाची गाडी खाली होऊन राहिली.” इथं तो थांबला. मुद्दाम. एक शेंगदाणा तोंडात टाकला. सगळं टेबल वाकून बसलेलं.

तेवढ्यात फोन वाजला.

मी उचलला. तिचाच आवाज. पण तिने ‘वरचं हॉटेल का’ असं विचारलं नाही. काहीतरी वेगळं म्हणाली, घाईघाईने. काय म्हणाली? कधी मला आठवतं, ती म्हणाली, “आत्याबाईला—” आत्याबाई म्हणजे तिची सासू, भाऊची आई. आणि कधी वाटतं, हे मी नंतर कळल्यावर मागून जोडलं. इतकी वर्षं मी त्या एका शब्दाभोवती फिरतोय. ऐकला होता की नव्हता? ऐकून सोडला असेल तर मी वेगळा माणूस ठरतो, न ऐकता सोडला असेल तर वेगळा. की दोन्हीकडून सारखाच? मला खरंच समजत नाही.

एक मात्र पक्कं आठवतं. मी तळहात दाबला नाही. भाऊकडे बघितलं नाही. मी मान वळवली असती तर गोष्ट तुटली असती, आणि मला पुढं ऐकायचं होतं. मी म्हणालो, “न्हाई, आज आले न्हाईत.” आणि फोन ठेवला. त्या दिवशी ती ‘बरं’ म्हणाली की नाही, ते मला माहीत नाही.

गोष्टीचा शेवट मात्र शब्दन् शब्द पाठ आहे. “म्या वरूनच म्हणलो — आला की, शेटजी, गाडी दारात हाय. दोघं बी गप. मंग एकजण हळूच म्हणला, कोण बोललं?” टेबलावर हसण्याचा नुसता कल्लोळ. मीसुद्धा हसलो, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग भाऊने आणखी एक मागवली आणि ती मीच नेऊन दिली.

त्याची आई दम्याची. त्या संध्याकाळी तिला दम लागला. सुनेने शेजारचा ऑटो बोलावला, पण ऑटोतच म्हातारी गेली. जाईपर्यंत “गंगाधर आला का, गंगाधर आला का” हेच विचारत होती म्हणे. भाऊ त्याच्या नेहमीच्या वेळेला घरी पोहोचला.

दिवस-कार्य झाल्यावर तो आला. डोक्यावर टोपी, तिच्याखाली मुंडणानंतर वाढत आलेले खुंट. बसला नाही. काउंटरला हात टेकवून उभा राहिला आणि हळू आवाजात म्हणाला, “त्या दिवशी घरचा फोन आल्ता का? ती म्हणते, केल्ता. लाइन त चालू होती, म्या सोता तपासली.”

बघा, लाइन बंद होती असं म्हणायची वाटसुद्धा त्याने ठेवली नव्हती. एक तर ती खोटी, नाहीतर आम्ही.

मी म्हणालो, “न्हाई.”

काहून म्हणालो? मालकाच्या धाकाने? मालक तेव्हा गावातही नव्हता. भाऊ मला मारेल म्हणून? तो मारणारा माणूस नव्हता. मला वाटलं, त्याला ‘न्हाई’च ऐकायचंय — हो म्हटलं तर तो स्वतः कुठं बसला होता तेही त्याला बघावं लागेल. असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं. पण त्याच्या मनातलं मला काय माहीत? माझ्या मनात एवढंच होतं, की हा आता आपल्याकडे बघायचा थांबावा. तो थांबला. “व्हय ना,” म्हणाला, “म्या बी तेच म्हणलो तिला.” आणि जिना उतरून गेला.

त्यानंतर भाऊ बारमध्ये आलाच नाही. दारू सुटली ती सुटलीच. लोक म्हणाले, माणूस सुधारला. मीही म्हणालो, आणि मनात थोडा सुखावलोही — बघा, माझ्या हातून कुणाचं तरी भलंच झालं. लाज वाटते सांगायला, पण हा हिशेब मी खरंच मांडला होता.

तिचं काय झालं, ते मला आक्काकडून कळलं. माझी आक्का कुरुंद्यात दिलेली, भाऊच्या भावकीच्या शेजारी. सासू-सुनेचं पटत नव्हतं, हे गावाला ठाऊक. मग काय, कोलीत आयतं हातात मिळालं. एकदा मी तिच्याकडे जेवायला बसलो असताना आक्काच सांगायला लागली, “फोन केला म्हणती. केला कुठला? म्हातारीवर डूख धरून होती. लेकाची तोंडभेट बी होऊ दिली न्हाई तिनं. आता नवरा बोलत न्हाई त रडून राहिली.” भाऊ तिच्याशी बोलायचाच बंद झाला होता. जे काही असेल ते पोराकरवी. भावकीच्या लग्नाला तिला बोलावणं नसायचं, गेली तर वाढायला उठू द्यायचे नाहीत. आक्का माझी सख्खी बहीण, मनाने वाईट नाही. तिने मला विचारलं, “काहून गप झालास?” मी अजून एक भाकरी मागितली.

सांगायला वेळ नव्हता असं नाही. बार बंद पडला, मी गावात दुकान टाकलं, मोबाइल आले. भाऊचा नंबर माझ्याकडे होता. दोन-तीनदा तो रस्त्यात भेटलाही. “दारू आईनं सोडवली बघ,” म्हणाला एकदा. मी मान डोलावली. पूर्वीसारखी एखादी गोष्ट सांग म्हणावंसं फार वाटलं. त्याने सांगितली नाही, आणि मी मागितली नाही.

या वर्षी व्हॉट्सअॅपवर त्याचा फोटो आला, खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. मी तिसऱ्या दिवशी हिंगोलीला गेलो. कबूल करायला गेलो होतो का? गाडीत बसताना वाटत होतं, हो. उतरताना वाटलं, नुसतं तोंड दाखवून येऊ. कशासाठी गेलो, ते त्याच्या दारात पोहोचेपर्यंत ठरलं नव्हतं.

अंगणात सतरंजीवर पुरुष बसलेले, आतल्या खोलीत बाया. मी फाटकापाशी टेकलो. एक म्हातारे पाहुणे आले आणि मलाच घरातला समजून विचारू लागले, “नांदेडवाले आले का?”

मी म्हणालो, “न्हाई, आज आले न्हाईत.”

तोंडात बसलेलं, तसंच निघालं. आणि आतल्या बायांमधून एका बाईने मान वर केली. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, तरी मला कळलं. ती उठली. बायांनी हात धरला तो सोडवून दारात आली. अंगणातले सगळे बघायला लागले. तिचा मुलगा तिथंच चहाचा ट्रे घेऊन उभा होता, तोंडवळा थेट गंगाधरभाऊचा.

“तुमी वरच्या हॉटेलातले ना?” तिने विचारलं. आवाज थकलेला, पण तोच. “त्या दिवशी फोन तुमीच उचलला व्हता. या पोरासमोर एकदा सांगा.”

एक शब्द. फक्त ‘व्हय’ म्हणायचं होतं. तो आता कुणाला दुखावणार नव्हता, भाऊ तर गेलेला. मुलगा माझ्याकडे बघत होता. आणि मी —

“न्हाई,” म्हणालो.

“बरं,” ती म्हणाली.

आणि आत गेली नाही. तशीच उभी राहिली, पूर्वी फोनवर थांबायची तशी. या वेळी ठेवायला माझ्या हातात फोन नव्हता. मी उठलो आणि चपला शोधायला लागलो. पायात घालताना मागून तिच्या मुलाचा आवाज आला, हळू, पण मला ऐकू येईल असा.

“आई, आता तरी पुरे कर ते फोनचं.”

मी फाटक ओढून घेतलं.