ऑइल कूलरच्या नटांवरची लाल रेघ

आयुष्यभर मी एकाच माणसाचा माल नापास करत आलो. अंबरनाथच्या कारखान्यात तो प्रॉडक्शनला आणि मी इन्स्पेक्शनला. दिवसभर एकमेकांवर डाफरायचो आणि सुटल्यावर एकाच टपरीवर चहा प्यायचो. निवृत्तीनंतर त्याने वांगणीच्या फार्महाउसवर दोन सीटचं छोटं विमान बांधायला घेतलं, तेव्हा तपासणी कोण करणार हा प्रश्नच आला नाही. "पहिल्या उड्डाणाला शेजारची सीट तुझी," असं त्याने आधीच सांगून टाकलं. मग दर रविवारी मी बदलापूरहून डबा घेऊन हजर. बायको म्हणायची, एवढं लक्ष घरात घातलं असतंत तर मांजर्लीचा आपला तळमजल्याचा फ्लॅट पुरात बुडायच्या आधीच विकून झाला असता.

कारखान्यात आमचा एक रिवाज होता. नट आवळून तपासला की इन्स्पेक्टरने त्याच्यावरून खालच्या पट्टीपर्यंत एक लाल रेघ मारायची. नट पुढे कधी सरकला तर रेघ तुटलेली दिसते. ती रेघ दुसऱ्या कोणी मारायची नाही. ती आमची सहीच असायची. वांगणीच्या कामासाठी मी उल्हासनगरच्या बाजारातून लाल नेलपॉलिश आणलं. दुकानातल्या सिंधी बाईंनी चार बाटल्या पुढे मांडल्या आणि विचारलं, "भाभी को कौनसा पसंद आएगा?"

"भाभी नहीं, इंजिन है," मी म्हटलं. त्यांनी निमूटपणे सगळ्यात स्वस्त बाटली दिली.

सगळ्यात जास्त जीव मी ऑइल कूलरमध्ये ओतला. दिसायला तो तळहाताएवढा रेडिएटर, पण इंजिनाचं तापलेलं तेल तोच थंड करतो. चालू इंजिन सारखं थरथरत असतं. कूलर तसाच करकचून बांधला तर कधी ना कधी त्याला चीर जाणार, तेल गळणार आणि इंजिन हवेतच जाम होणार. म्हणून चारही बोल्टांना मी रबरी बुश, म्हणजे धक्के शोषणाऱ्या जाड चकत्या, घातले. अंगठ्याने दाबलं की कूलर किंचित लवायचा आणि परत जागेवर यायचा. ते जमायला तीन रविवार गेले. मग मी चार रेघा मारल्या.

पण बुशांमुळे कूलर उंच झाला आणि इंजिनावरचं झाकण बसेना. बोटभर जागा कमी पडत होती. मी म्हटलं, झाकणाला फुगवटा काढू, महिनाभर लागेल. त्याने तर दसऱ्याच्या पूजेला नातेवाईक बोलावून ठेवले होते.

"बघतो काहीतरी," तो म्हणाला.

दसऱ्याला झाकण बसलेलं होतं. "थोडं घासलं, झालं," त्याने सांगितलं आणि मी ते मानलं. साधा वॉशरसुद्धा मोजल्याशिवाय पास न करणारा मी, झेंडूच्या माळेखाली उभं राहून फोटो काढून घेतले.

पुढच्या रविवारी सुकलेली फुलं काढायला मी झाकण उघडलं. हळदीकुंकवाचे डाग पुसता पुसता सवयीने कूलरला अंगठा लावला. तो हलला नाही. बुश काढून टाकलेले होते, कूलर थेट लोखंडी पट्टीला आवळलेला होता आणि चारही नटांवर लाल रेघ होती. माझ्याच बाटलीतली, माझ्यापेक्षा सरळ.

बुश खिडकीत एका वाटीत सापडले. वाटी घेऊन मी त्याच्यासमोर उभा राहिलो. ट्रक चार दिवसांनी येणार होता, विमान घाटापलीकडच्या धावपट्टीवर न्यायला.

"मला विचारलं का नाहीस?"

"तुला विचारलं असतं तर तू रिजेक्ट केलं असतंस."

"आणि रेघ?"

"ती नसती तर झाकण उघडताच तू काम अडवलं असतंस. अरे, एवढं काय त्यात? पहिलं उड्डाण दहा मिनिटांचं. नंतर करणारच होतो ना नीट. आणि चालवणार मीच होतो, जीव माझाच जाणार होता."

"शेजारच्या सीटवर कोण बसणार होतं?"

तो सुकलेली माळ गुंडाळायला लागला. चुकला असता तर मी शिव्या घालून मोकळा झालो असतो. चुका मी त्याच्या हजार पकडल्या होत्या. पण यात चूक नव्हती. मी कुठे बघतो, काय बघून निर्धास्त होतो, हे त्याला इतक्या वर्षांत पाठ झालं होतं, आणि नेमकं तेच त्याने माझ्यावर वापरलं होतं. एवढा मी कधीच फसवला गेलो नव्हतो.

मी थिनरने चारही रेघा पुसल्या. बुश परत बसवले, नट मोजून आवळले. वाकडं काम मागे ठेवून निघणं मला जमत नाही. झाकण त्याच्या पायाशी ठेवलं.

"ट्रकची तारीख पुढे ढकलतो," तो हळूच म्हणाला. "रेघ मार ना."

मी बाटली त्याच्या हातात दिली.

"तूच मार. तुला येते."

डब्याची पिशवी उचलून मी स्टेशनकडे चालू लागलो. विमान पुढे उडालं म्हणे. शेजारची सीट रिकामी होती.