खो मोठ्याने द्यायचा

सर्व संबंधितांना अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, सोलापुरातील एका मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर, वय पन्नास, वजन गोपनीय, यांनी पदर खोचून खो-खोच्या रांगेत उकिडवं बसण्याचा निर्णय घेतला आहे. त्या रेक्टर म्हणजे मी.

कारणही तसंच होतं. मंगळवेढ्याकडची एक मुलगी होती, मेंढरं राखणाऱ्या घरातली, कॉलेजात आलेली त्या घरातली पहिलीच. महिनाभर ती भिंतीकडे तोंड करून पडून होती. ताट तसंच परत यायचं, बोलणं बंद. समुपदेशक बाईंसमोर नुसती मान हलवायची. त्या म्हणाल्या, हिला रोज मैदानावर न्या. मी न्यायची, ती पायरीवर बसून अंगठ्याने माती उकरायची. शेवटी तिचे वडील तिला कायमची घरी न्यायला आले.

ते ऑफिसात अर्जावर सही करायला गेले तेव्हा मैदानावर डाव सुरू व्हायचा होता आणि रांगेत दोन जागा रिकाम्या होत्या. एकीवर मी बसले, दुसरीवर तिला हाताला धरून बसवलं. जाता जाता एवढं कर, म्हटलं.

तिला खो मिळाला आणि ती सुटली. चुकार कोकरामागे धावावं तशी धावली! मग माझ्या मागे येऊन तिने पाठीवर थाप मारली. तोंडाने काही नाही. नियम असा की ‘खो’ मोठ्याने म्हटल्याशिवाय बसलेल्याने उठायचं नाही. मी नियमाची पक्की, हलले नाही. पळणारी समोर उभी राहून वाकुल्या दाखवत होती. दुसरी थाप आली. मी ढिम्म. खरं सांगायचं तर एव्हाना पायांना मुंग्या आल्या होत्या आणि मला उठताही येत नव्हतं, पण ते मी कुणाला कळू दिलं नाही. तिसऱ्यांदा सणसणीत धपाटा बसला आणि महिनाभर न ऐकलेला आवाज आला.

“खो! मॅडम, उठा की! मेंढरू उचलते मी, तुमाला बी उचलू का?”

बसलेल्या मुली हसून आडव्या झाल्या. दोघींनी धरून मला उभं केलं.

एका डावाने सगळं मिटत नाही. समुपदेशक बाईंकडे ती पुढे वर्षभर जात होती. पण त्या संध्याकाळी वडील ट्रंक घेऊन मैदानाच्या कडेला आले, सहाची एसटी आहे म्हणाले. ओढणी कमरेला आवळत, त्यांच्याकडे न बघताच ती बोलून गेली, “आबा, तुमी जावा की. माजा डाव ऱ्हायलाय.”