वहिनीची गाठ

माझी वहिनी प्रयोगशाळेत गाभण उंदरांच्या स्तनग्रंथींचे काप काढते. मेणात बसवलेला तुकडा यंत्रावर इतका पातळ कापायचा, की फुंकर मारली तर उडून जावा. मग रंगवून काचपट्टीवर घ्यायचा. पोटात पिल्लं वाढू लागली की चरबीतल्या बारीक नळ्यांना फाटे फुटतात, टोकांना पेशींचे घोस लगडतात, ते त्यात दिसतं. दादा चिडवायचा, “लोक डोंगर पोखरून उंदीर काढतात, ही उंदीर पोखरून डोंगर काढते.”

वहिनीला दिवस गेले आणि चौथ्या महिन्यात आंघोळ करताना डाव्या स्तनात गाठ हाताला लागली. मला सांगितलं ते भांडी विसळताना, सहज बोलल्यासारखं.

“डॉक्टरांना दाखव ना.”

“अहो वन्सं, रोज तेच तर बघते मी. या दिवसांत पेशी वाढतातच. उंदरीण काय नि मी काय!”

नंतर मात्र जेवताना तिचा हात नकळत काखेकडे जायचा. एकदा मी तिला स्वयंपाकघरात गाठलंच.

“वाढली ना?”

“उंदरांत वाढ सगळीकडे पसरते. माझी एकाच जागी आहे. दगडासारखी.”

“मग थांबलीस कशाला?”

“बाळ पाडा म्हणाले तर? ते ऐकायचं नाही मला.”

दुसऱ्या दिवशी दादा आणि मी तिला ओढतच नेलं. सुई घालून तपासणी झाली. निकाल येईपर्यंत आमचा जीव टांगणीला. गाठ वाईटच निघाली.

सर्जनबाई म्हणाल्या, “बाळ राहू शकतं. ऑपरेशन करून डावा स्तन काढता येईल, पण आता उशीर नको.”

“पहिलं वाक्य पुन्हा सांगा,” वहिनी म्हणाली. त्यांनी सांगितलं. तेव्हा कुठे ती रडली.

ऑपरेशनच्या दिवशी दादा व्हरांड्यात चपला काढत होता, पुन्हा घालत होता. अखेर नर्स बाहेर आली. “दोघंही ठीक आहेत. बाळाचे ठोके छान लागतायत.” दादा होता तिथेच खाली बसला.

मुलगी झाली, पूर्ण दिवसांची. माझ्या आईला घोर, एका बाजूचं दूध पुरेल का? पोरगी मात्र अशी तुटून पडायची की वहिनी म्हणायची, “हिला कुणीतरी सांगा, मी पळून जात नाहीये.”

अजून दर काही महिन्यांनी तपासणी असते. तपासणीच्या आदल्या दिवशी घरात कुणी कुणाशी धड बोलत नाही.