माळावर घर नको

माझ्या आत्याला सगळे ठिणगी म्हणायचे, आणि ते नाव तिला उगाच पडलेलं नव्हतं. शहर जिथे संपायचं तिथून पुढच्या माळावर तिची जमीन होती. आजोबांनी जाताना माळ दोघांत वाटून दिला होता. चढाचा भाग माझ्या बाबांना आला, ओढ्याकडचा तिला. बाबांनी माळावर बांधकामबंदीचा नियम यायच्या आधीच वर मोठ्या काचांचं घर बांधून घेतलं. आत्या शहरात भाड्याच्या खोलीत राहायची, माळावर शेळ्या पाळायची आणि दूध विकायची.

एका थंडीत रात्री दोन शेळ्या व्याल्या आणि कुत्री गोठ्यात शिरली. सकाळी आत्या पोचली तेव्हा करडंही नव्हती आणि आयाही उरल्या नव्हत्या. तिने सगळं स्वतः साफ केलं, हात धुतले आणि तशीच घरबांधणीच्या परवानगीच्या कचेरीत गेली.

तिथल्या साहेबांनी नकाशा पसरला. माळ हिरवा रंगवलेला होता.

"हा मोकळा पट्टा आहे, बाई. इथे नवीन घर नको."

"गोठा चालतो?"

"गोठा चालतो. तो शेतीत धरतात."

"म्हणजे शेळ्यांना छप्पर चालतं. आणि मी कशात धरली जाते?"

साहेब हसले नाहीत. कामासाठी रात्रंदिवस तिथे राहणं भागच आहे असं पटवून दिलं तर समिती विचार करते, पण शेजाऱ्यांच्या हरकतीही ऐकते, असं त्यांनी सांगितलं.

आत्याने अर्ज केला. शेजारी एकच होता. बाबा. त्यांनी हरकत घेतली.

सुनावणीला मी बाबांच्या बाजूला बसले होते, तेव्हा मी कॉलेजात होते. आत्याने समितीकडे पाहिलंच नाही. "दादा, तुझ्या खिडकीतून माझं घर दिसेल म्हणून का?"

"प्रश्न तुझा नाही, माळाचा आहे," बाबा टेबलाकडे बघत म्हणाले. "आज तुला दिलं की उद्या सगळे येतील."

समितीला हे वाक्य फार आवडलं. अर्ज नामंजूर झाला.

बाहेर पायऱ्यांवर आत्याने बाबांना गाठलं. "त्या रात्री कुत्री भुंकत होती. तुला ऐकू आलं नाही?"

बाबा गाडीत जाऊन बसले. घरी आल्यावर तेच मी विचारलं.

"आलं होतं," ते म्हणाले. "कुत्री आहेत, भुंकणारच."

त्या दिवसापासून त्यांच्याशी कामापुरतंच बोलायचं, एवढंच मला जमलं.

आत्या मात्र हटली नाही. भाड्याची खोली सोडून तिने गोठ्यातच खाट टाकली. तपासनीस आला. खाटेकडे त्याने काणाडोळा केला, पण शेगडी उचलायला लावली. शेगडी दिसली की त्याला घर म्हणावं लागतं, म्हणे. मग ती सकाळी दूध विकून येताना शहरातून थर्मास भरून आणायची आणि दुपारपर्यंत थंडगार झालेला चहा प्यायची. मी कधी गेले तर पहिला कप मला द्यायची आणि तपासनिसाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची.

काही वर्षांनी बाबांनी चढाची जमीन बंगले बांधणाऱ्या कंपनीला विकली. घरही त्यातच दिलं आणि शहरात फ्लॅट घेतला. कंपनीने नवा नकाशा मंजूर करून घेतला. हिरवा माळ पिवळा झाला, म्हणजे घरांसाठी मोकळा.

मी सांगायला गेले तेव्हा आत्या धार काढत होती.  तिचे हात असे आवळले गेले की शेळीने लाथ झाडली आणि बादली कलंडली. सांडलेल्या दुधाकडे बघत तिने विचारलं, "हरकत कशी घेतात ते मला दाखव."

आम्ही बंगल्यांना हरकत घेतली. समितीने ती ऐकली, मान हलवली आणि पुढचं प्रकरण घेतलं. उठताना अध्यक्ष आपुलकीने म्हणाले, "आता तुमची जागाही पिवळ्यात आली. अर्ज करा, मिळून जाईल."

आत्याचा चेहरा काळवंडला. मला वाटलं, ती थुंकेल त्या परवानगीवर. तिने अर्ज केला.

"राग आहे म्हणून काय उघड्यावर मरू?" ती मला म्हणाली.

गोठ्याला लागून तिने दोन खोल्या बांधल्या. समोर चराई उरली नव्हती. बंगल्यांची कुंपणं थेट तिच्या बांधाला भिडली, आणि शेळ्या ओढा ओलांडून पलीकडे न्याव्या लागल्या. बंगलेवाले राहायला आले आणि त्यांनी पहिली तक्रार केली ती वासाची. साहेब पाहणीला आले, नाकाला रुमाल लावलेले दोन बंगलेवाले सोबत होते.

"वास आधीपासून होता, साहेब," आत्या म्हणाली. "नाकं नंतर आली."

साहेबांनी ते लिहून घेतलं. तक्रार अजून निकाली निघालेली नाही. आत्याने त्यानंतर आणखी चार शेळ्या घेतल्या.

मागच्या महिन्यात बाबा आले. मी तिथेच होते, कांद्याची पात निवडत होते. फाटकाबाहेर उभं राहून त्यांनी घर नीट पाहिलं. "छान बांधलंस," ते म्हणाले. त्यांचा आवाज थकलेला होता.

आत्या एका शेळीचा खूर साफ करत होती. तिने मान वर केली नाही.

मी फाटक उघडायला उठले.

"बस खाली," ती म्हणाली.

मी बसले. बाबा थोडा वेळ थांबले, मग बंगल्यांमधल्या नव्या डांबरी रस्त्याने परत गेले.