दाजींच्या मेंदूच्या दोन मोजण्या

मेंदूच्या एमआरआयवर रेघा मारून आठवणींचा भाग मोजायचा, हे माझं काम. कानाच्या आतल्या अंगाला, दोन्ही बाजूंना, करंगळीएवढा तो भाग असतो; डॉक्टरी भाषेत हिप्पोकॅम्पस. विसरण्याचा आजार जडला की तो सुकत जातो. मोजायचं म्हणजे फोटोच्या प्रत्येक चकतीवर त्याची कड आखायची आणि सगळ्या चकत्यांची बेरीज घ्यायची. ऐकायला सोपं. पण पुढच्या टोकाला दुसराच भाग तशाच करड्या रंगाचा चिकटलेला असतो, आणि मागचं शेपूट कुठं संपतं ते धड दिसत नाही. मग कोणी शेपूट धरतो, कोणी सोडतो. शेजारी बांध कोरतात तसा जो तो कड सरकवतो आणि आकडा मात्र छातीठोकपणे छापतो. माझं डोकं फिरायचं ते यावर. आता जाणत्या लोकांनी बसून एकच नियम ठरवलाय: कुठं सुरू करायचं, कुठं थांबायचं, चकती कोणत्या कोनात कापायची. तो शिकायला मी हैदराबादला गेलो, आणि नेमकी तेव्हाच माझी थोरली बहीण, आक्का, दाजींना घेऊन सोलापूरला आमच्या सेंटरवर येऊन एमआरआय काढून गेली.

दाजी रेल्वेतून रिटायर झालेले. जेऊरला उभा जन्म पहाटे रूळ तपासत चालले. डोकं विसरायला लागलं तरी पाय काही विसरले नाहीत. अंधारातच उठून रुळावर जायचे. एकदा गाडी यायच्या बेतात असताना स्टेशनवरच्या माणसांनी धरून आणलं, तेव्हापासून आक्कानं अंगणाच्या फाटकाला कुलूप घातलं. नवऱ्याला कोंडून ठेवणारी बाई, असं गल्लीत कोणी म्हणायच्या आधी तीच स्वतःला म्हणायची. ड्यूटीला उशीर होतोय म्हणून दाजी फाटक धरून विनवायचे, आणि ती आत जाऊन रडायची.

मी परतलो त्याच दुपारी तिचा फोन.

“बाळा, वाढलंय की रं! मागल्या साली पुण्याला मोजलं तवा कमी हुतं, आता तुमच्याकडं लई भरलंय. दोनी कागद शेजारी ठिवून बगितलं मी. औषध लागू पडलं बग. सकाळीच कुलूप काढलं. पेढं वाटलं सगळ्यास्नी.”

सुकलेला तो भाग असा भरून येत नाही. एवढं हसताना तिला मी कैक महिन्यांत ऐकलं नव्हतं.

“आक्का, मी फोन करीपर्यंत त्यांना नजरेआड होऊ देऊ नगंस.”

“का रं?”

“मी एकदा बघतो.”

तेवढ्यानंच तिचा आवाज बारीक झाला.

पुण्याच्या फोटोंची सीडी तिनं सेंटरवर देऊन ठेवली होती. दोन्ही उघडले. पुण्याच्या डॉक्टरांनी शेपूट पुरतं सोडलेलं. आमच्या सहकाऱ्यानं ते धरलंच, वर पुढचा शेजारीही थोडा ओढून घेतलेला. दोघांनीही आपापल्या सवयीनं मोजलं होतं, पण आपलं माप कोणतं हे रिपोर्टवर लिहायची तसदी एकानंही घेतली नव्हती. चिडून करतो काय? आपलेच दात, आपलेच ओठ. जुना कोणता, नवा कोणता ते कळू नये म्हणून टेक्निशियनला तारखा झाकायला लावल्या आणि नव्या नियमानं दोन्ही मोजायला बसलो. हात लालची झाला होता. प्रत्येक चकतीवर कड जराशी बाहेर जावी असं वाटायचं, आणि दर वेळी नियम मधे यायचा. शेवटी तारखा उघडल्या. मशीन वेगळी म्हणून थोडाफार फरक सोडून दिला तरी दोन्ही बाजूंचा भाग वर्षभरात चांगलाच आटला होता. ज्या नियमासाठी मी इतकी वर्षं लोकांशी भांडलो, त्याचाच त्या संध्याकाळी मला राग राग आला.

फोन लावला.

“आक्का, ती वाढ खरी न्हाय. दोन जागी दोन मापं लावली होती. एकाच मापानं मोजलं तर कमी झालंय.”

“किती?”

“लई.”

ती भांडली नाही, रडली नाही. “थांब, फोन ठिवू नगंस,” म्हणाली. चपलांचा आवाज आला, मग फाटक ओढल्याचा, मग कुलूप लागल्याचा. मागोमाग दाजींचा आवाज, अगदी अदबीचा, परक्या बाईशी बोलावं तसा.

“बाई, तेवढं उघडता का? घरला बायकू वाट बगत आसंल माजी.”

आक्कानं खुर्ची सरकवल्याचा आवाज आला.

“यील ती हितंच,” म्हणाली. “बसा तवर.”