बसून चढायचा घाट

जालना जिल्ह्यात माझ्या मेव्हण्याइतका इंजिनाचा कान असलेला मिस्त्री नाही, आणि त्याच्याइतका उशीर करणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात नाही. पहिली गोष्ट लोक सांगतात. दुसरी मी सांगतो, कारण ती मला भोगावी लागली. मी चौथी शिकलेला ड्रायव्हर माणूस. गोड लिहायला मला येत नाही, आणि या माणसाबद्दल तर गोड लिहायचंही नाही.

भोकरदन रोडला त्याचं पत्र्याचं गॅरेज आहे. गिऱ्हाईक आलं की तो गिऱ्हाइकाकडं बघत नाही, गाडीला विचारल्यासारखं करतो, काय होतंय म्हणून. इंजिन ऐकायला त्याला लाटणं लागतं. एक टोक इंजिनावर, दुसरं कानाला. ते लाटणंही आमच्याच घरातलं. एकदा मी बाजारातून नवं आणून दिलं, तर दोन मिनिटं कानाला लावून परत दिलं. म्हणाला, "दाजी, ह्याला अजून ऐकू येत न्हाई." त्याची थोरली बहीण म्हणजे माझी बायको. तिच्या हाताखाली तीस वर्षं घासलेल्या लाटण्यालाच म्हणे ऐकू येतं! तिनं एका होळीला काचेच्या बाटलीनं पुरणपोळ्या लाटल्या आणि दारातून ओरडली, "सणाच्या दिवशीच कसं रं तुला इंजिन ऐकू येतं? उद्या तवा बी घेऊन जा, काहीतरी गरम करायला व्हईल!" त्यानं खरंच तव्याकडं बघितलं. मी साक्षीदार आहे.

आमची गाडी म्हणजे जुनी अँबॅसेडर. जालन्याच्या ज्या मारवाडी शेठजींकडं मी जन्मभर गाडी चालवली, त्यांनी नवी घेतल्यावर ही मला दिली. बायकोचं माहेर घाटाखाली, आमचं गाव वर, केदारखेड्याजवळ. माहेरी जाताना गाडी वाऱ्यासारखी उतरायची. परत येताना तिसऱ्या वळणावर मान टाकायची. बायको म्हणायची, "गाडीचं बी माझ्यासारखंच हाय. सासरी यायचं म्हणलं की पाय जड." मग ती उतरायची. पुढच्या सीटपाशी, तिच्या पायात, एक काळा दगड कायम असे, तो मागच्या चाकाला लावायची. इंजिन थंड झालं की दगड कडेवर घेऊन चालत वर यायची. तेवढंच ओझं कमी. एवढीशी बाई, तिचं ओझं काय असणार! पण दरवेळी ती चालतच चढली आणि मी स्टेअरिंगवर बसून राहिलो, हेही लिहून ठेवतो.

पुढं तिला दम लागायला लागला. डॉक्टरांनी चढ बंद केला, म्हणजे माहेरच बंद झालं. ती भावाला म्हणाली, "एवढा मिस्त्री तू. एकदा तरी मला बसून घाट चढव." मी म्हणालो, सगळे टाकतात तसं डिझेल इंजिन टाक, आठ दिवसांचं काम. तर हा माझ्या अंगावर आला. "दाजी, पैलवान तालमीतून आला की ताकद वाढती. त्याचं तोंड बदलतं का? अक्काला बसून वर आणतो, पण इंजिन हेच. बाहेरून एक स्क्रू बी बदललेला दिसणार न्हाई."

मंग तालीम सुरू झाली. इंजिनाचं हेड खालून थोडं घासलं की पेट्रोलचा धक्का जोरात बसतो. दुसरे एकदाच घासून मोकळे होतात. यानं केसाएवढं घासायचं, सगळं जोडायचं, लाटण्यानं ऐकायचं, परत खोलायचं, असं चार वेळा केलं. हवा जायच्या वाटा आतून घासून आरशासारख्या केल्या, जिथं कुणाचं तोंड दिसणार नाही अशा जागी आरसा. चारी पिस्टन एका वजनाचे पाहिजेत म्हणून ते धुऊन, रुमालात बांधून सराफाकडं गेला. दुकानात नवरीचं मंगळसूत्र तोलून राह्यले होते. हा म्हणाला, "जरा थांबा, माझे चौघं आधी." त्यातला एक गुंजभर जड निघाला. त्याला घासून पुन्हा दुकानात हजर. तोवर नवरीकडच्यांनी सराफ बदलला होता.

सगळं झालं, आणि कार्बोरेटरचा एक पितळी स्क्रू राहिला. बाजारातला बराबर बसत होता, पण त्याचं डोकं मूळच्यासारखं नव्हतं. त्या डोक्यापायी हा मंठ्याचं, आष्टीचं, सगळं भंगार उपसत फिरला. बायको दर आठवड्याला फोन करायची. "झालं का रं?"

"झालंच अक्का. एक स्क्रू राह्यलाय."

"अरे, घाट मला चढायचाय, स्क्रूला न्हाई!"

मी म्हणायचो, एस.टी.नं जाऊन ये. ती म्हणायची, "भावानं शब्द दिलाय. त्यानं केलेल्या गाडीतच येईन." पावसाळा गेला, दिवाळी गेली. संक्रांतीच्या आधी ती गेली. गाडी गॅरेजमध्ये उभीच.

दहाव्याला हा आला तेव्हा नखांत ग्रीस होतं. मी चारचौघांत विचारलं, "सापडला का तुझा स्क्रू?"

"सापडला, दाजी," तो खाली बघत म्हणाला. "परवा."

त्यानंतर मी त्याच्याशी बोललो नाही. उन्हाळ्यात तो गाडी घेऊन दारात आला. म्हणाला, "एकदा घाट करू. मंग भंगारात घाला, मला बी घाला." मी चालवायला बसलो. तो पुढं बसला नाही. पुढच्या सीटपाशी काळा दगड होता, म्हणून मागं बसला.

घाट उतरलो आणि खालूनच फिरवली. जी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये रडायची ती तिसऱ्यात चढून राह्यली होती, इंजिनाचा आवाज तोच, जुना. तिसरं वळण आलं आणि मी ब्रेक दाबला. गाडीला काही झालं नव्हतं. सवयीनं माझाच पाय गेला. तो मागचं दार उघडून उतरला, दगड काढून मागच्या चाकाला लावला आणि उन्हात उभा राहिला. थोड्या वेळानं दगड कडेवर घेतला. "तुम्ही व्हा फुडं, दाजी. मी येतो चालत."

मी पुढं झालो नाही. एवढी ताकद अंगात असलेली गाडी पहिल्या गिअरमध्ये, त्याच्या चालीनं, वरपर्यंत आणली. मागचे ट्रकवाले शिव्या घालत होते.

घरी आल्यावर मी स्वयंपाकघरातनं लाटणं आणून त्याला दिलं. परत आणू नको म्हणालो. त्यानं ते चालू इंजिनावर टेकवलं, दुसरं टोक कानाला लावलं आणि डोळे मिटून ऐकत राहिला. बराच वेळ ऐकत होता. मी बी इंजिन बंद केलं नाही.